डोमेन कोणाच्या नावावर आहे?

देवगड आणि मालवण परिसरातील आंबा बागायतदारांना व घरगुती निवास-न्याहारी चालवणाऱ्या कुटुंबांना संगणकाच्या कामात मदत करणे हा माझा व्यवसाय आहे. हंगामात मला येणारे बरेच फोन ‘नेट नाय हा’ एवढ्याच वाक्याने सुरू होतात. प्रत्यक्षात कधी घरातील राउटरची वीज गेलेली असते, कधी रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटलेली असते, कधी वेबसाइट ज्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, ठेवली आहे तोच बंद पडलेला असतो, तर कधी वेबसाइटच्या नावाची, म्हणजे डोमेनची, मुदत संपून आठवडा उलटलेला असतो. या प्रत्येक गोष्टीचा मालक वेगळा, तिचे बिल वेगळे आणि ती दुरुस्त करणारा माणूसही वेगळा असतो. ज्यांचा वर्षाचा निम्मा धंदा आता ऑनलाइन मागणीवर आणि आगाऊ आरक्षणावर चालतो, त्यांना यातले आपले काय आणि दुसऱ्याचे काय हे ठाऊक असलेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. त्यासाठी काही मूलभूत संज्ञांचा अर्थ नीट समजून घ्यावा लागतो.

सर्वांत आधी इंटरनेट आणि वेब यांतला फरक. इंटरनेट म्हणजे जगभरातील संगणकांची जाळी एकमेकांना जोडणारी व्यवस्था. तिची सुरुवात अमेरिकेत 1969 मध्ये ‘आर्पानेट’ या नावाने झाली. निरनिराळ्या प्रकारची जाळी एकमेकांशी बोलू शकतील असे नियम व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी 1974 मध्ये मांडले आणि 1 जानेवारी 1983 रोजी आर्पानेटने ते पूर्णपणे स्वीकारले. टीसीपी/आयपी या नावाने ओळखले जाणारे हे नियम आजही तेच काम करत आहेत. वेब, म्हणजे दुव्यांनी एकमेकांना जोडलेली पाने इंटरनेटवरून दाखवणारी सेवा, मात्र त्यानंतर आले. स्वित्झर्लंडमधील सर्न या संशोधन संस्थेत काम करणाऱ्या टिम बर्नर्स-ली यांनी 1989 मध्ये त्याचा प्रस्ताव लिहिला, 1990 मध्ये ती पाने दाखवणारा पहिला ब्राउझर व ती पुरवणारा पहिला सर्व्हर तयार केला, आणि 30 एप्रिल 1993 रोजी सर्नने हे तंत्र कोणालाही विनामूल्य वापरण्यास खुले केले. तो निर्णय झाला नसता, तर आज आपल्या तालुक्यातील बागायतदाराला स्वतःची वेबसाइट काढण्यासाठी कोणाला तरी परवाना शुल्क भरावे लागले असते, हे सहज शक्य होते. भारतात सर्वसामान्य ग्राहकांना इंटरनेट मिळू लागले ते 15 ऑगस्ट 1995 पासून, विदेश संचार निगमच्या सेवेतून.

वेब ही इंटरनेटवर चालणारी एक सेवा आहे. ईमेल वेबपेक्षा जवळजवळ वीस वर्षांनी जुनी सेवा आहे. व्हॉट्सअॅपचा संदेश किंवा यूपीआयने दिलेले पैसेही इंटरनेटवरूनच जातात, पण त्यासाठी कोणाची वेबसाइट उघडी असावी लागत नाही. म्हणूनच वेबसाइट बंद असतानाही ग्राहकाचे पैसे खात्यात जमा होऊ शकतात, आणि तसे होत असेल तर दोष इंटरनेटमध्ये नाही हे तिथल्या तिथे सिद्ध होते.

इंटरनेटवरून कोणतीही वस्तू अखंड जात नाही, तिचे तुकडे होतात. या तुकड्यांना पॅकेट म्हणतात. एक पॅकेट साधारण 1500 बाइटचे असते, त्यामुळे मोबाइलने काढलेला 3 एमबीचा फोटो सुमारे 2000 पॅकेटांत विभागला जातो. वाशीच्या बाजारात जाणाऱ्या मालाचे उदाहरण इथे चपखल बसते. एका बागेच्या शंभर पेट्या एकाच गाडीतून जातील असे नाही. काही महामार्गाने जातात, काही फोंडा घाट चढून कोल्हापूरमार्गे जातात. प्रत्येक पेटीवर पाठवणाऱ्याची खूण, घेणाऱ्याचा पत्ता आणि क्रमांक असला म्हणजे त्या मागेपुढे पोहोचल्या तरी व्यापारी त्या क्रमाने लावून घेतो आणि न मिळालेल्या पेटीबद्दल विचारणा करतो. टीसीपी नेमके हेच काम करते. पॅकेटांना क्रमांक देणे, हरवलेले पुन्हा मागवणे आणि शेवटी सर्व जुळवून मूळ फोटो उभा करणे ही त्याची जबाबदारी, तर पत्ता पाहून प्रत्येक पॅकेट पुढच्या वाटेला लावणे हे आयपीचे आणि वाटेतील राउटरांचे काम.

हा पत्ता म्हणजे आयपी अॅड्रेस. जुन्या पद्धतीत, म्हणजे आयपीव्ही4 मध्ये, तो 32 बिटांचा, म्हणजे 32 शून्य-एकांचा, असल्याने जगात जास्तीत जास्त सुमारे 429 कोटी पत्ते होऊ शकतात. ते केव्हाच अपुरे पडले, आणि म्हणून एकाच सार्वजनिक पत्त्यामागे घरातील सर्व उपकरणे, मोबाइलच्या बाबतीत तर असंख्य ग्राहक, लपवून चालवावे लागतात. आयपीव्ही6 मध्ये पत्ता 128 बिटांचा असल्याने ही टंचाई उरत नाही. भारतातील मोबाइल नेटवर्कांवर त्याचा वापर आता मोठ्या प्रमाणावर होतो.

इंटरनेट उपग्रहावरून येते, असा समज किनाऱ्यावरच्या गावांत अजूनही सर्रास आढळतो. काही ठिकाणी उपग्रहाची सेवा असतेच, पण देशादेशांमधील जवळजवळ सगळी वाहतूक समुद्राच्या तळाशी टाकलेल्या ऑप्टिकल फायबरच्या केबलींतून होते. अशा अनेक केबली अरबी समुद्रातून येऊन मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, म्हणजे आपल्याच कोकण किनारपट्टीच्या उत्तर भागात. खोल समुद्रात अशा केबलीची जाडी जेमतेम दोन सेंटीमीटर असते. तिच्या आत केसाएवढे बारीक काचेचे धागे असतात, आणि त्यांतून प्रकाशाच्या रूपाने माहिती सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर वेगाने धावते. या केबली तुटण्याची प्रमुख कारणे मासेमारीची जाळी आणि जहाजांचे नांगर ही आहेत, हे आमच्या बंदरावरील मंडळींना मी मुद्दाम सांगतो. 30 जानेवारी 2008 रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ भूमध्य समुद्रात दोन केबली तुटल्या आणि भारतातील इंटरनेट कित्येक दिवस मंदावले होते.

जमिनीवरची बाजू याहून नाजूक आहे. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली या भागांत विजेचे खांब कोसळले आणि मोबाइल सेवा अनेक दिवस बंद राहिली. समुद्रातल्या केबलींना त्या दिवशी काही झाले नव्हते. मोबाइलच्या टॉवरला वीज लागते, वीज गेल्यावर बॅटरी किंवा डिझेलचा जनरेटर काही तास काम करतो, आणि रस्ते बंद असतील तर डिझेलही पोहोचत नाही. पावसाळ्यात ‘रेंज नाही’ असे आपण म्हणतो तेव्हा बहुधा हीच साखळी कुठेतरी तुटलेली असते.

घरातले वाय-फाय ही या सर्वाची शेवटची काही मीटरची बाब आहे. वाय-फाय म्हणजे राउटर आणि तुमचा मोबाइल यांच्यामधला बिनतारी दुवा. त्याच्या चिन्हाचे सगळे पट्टे भरलेले असले तरी बाहेरची फायबर तुटलेली असू शकते. म्हणून मी सांगत असलेला क्रम असा: आधी राउटरवरचा दिवा पाहावा, मग दुसरे एखादे नेहमीचे संकेतस्थळ उघडून पाहावे, मग वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर तेच करून पाहावे. दुसरी संकेतस्थळे उघडत असतील आणि केवळ आपलीच वेबसाइट उघडत नसेल, तर फायबरवाल्याला फोन करण्यात अर्थ नाही. दोष डोमेनमध्ये आहे किंवा होस्टिंगमध्ये.

इथे मी थोडा थांबणार आहे, कारण आपल्या भागातील कुटुंबांचे खरे नुकसान मी याच ठिकाणी होताना पाहिले आहे. वेबसाइट, होस्टिंग आणि डोमेन या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. वेबसाइट म्हणजे मजकूर, छायाचित्रे आणि पानांची मांडणी, म्हणजे शेवटी काही फायली. त्या फायली चोवीस तास चालू असलेल्या एखाद्या संगणकावर ठेवाव्या लागतात. त्या संगणकाला सर्व्हर आणि त्यावरच्या भाड्याच्या जागेला होस्टिंग म्हणतात. तो सर्व्हर नवी मुंबईत असेल किंवा सिंगापुरात, ग्राहकाला फरक जाणवतो तो फक्त काही मिलिसेकंदांचा. डोमेन म्हणजे लोक ज्या नावाने तुम्हाला शोधतात ते नाव. ते कायमचे विकत मिळत नाही. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी त्याची नोंदणी होते आणि मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरण करावे लागते. ‘डॉट इन’ने संपणाऱ्या नावांची मूळ नोंदवही निक्सी ही 2003 मध्ये स्थापन झालेली भारतीय संस्था सांभाळते. प्रत्यक्ष नोंदणी मात्र अधिकृत रजिस्ट्रार कंपन्यांमार्फत होते.

नावावरून सर्व्हरचा आयपी पत्ता शोधून देण्याचे काम डीएनएस करते. ही व्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनी 1983 मध्ये रचली. त्यापूर्वी सगळ्या संगणकांची नावे आणि पत्ते एकाच फाइलमध्ये लिहिलेले असत, ती फाइल कॅलिफोर्नियातील एका संस्थेत ठेवलेली असे आणि इतरांनी ती वेळोवेळी उतरवून घ्यायची असे. संगणक वाढले तसे ते अशक्य झाले. डीएनएसमध्ये नाव उजवीकडून डावीकडे वाचले जाते. आपल्या राज्य शासनाच्या ‘महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन’ या नावात आधी ‘इन’ कोण सांभाळतो ते मूळ सर्व्हरांना विचारले जाते, मग ‘इन’च्या सर्व्हरांना ‘गव्ह’बद्दल आणि शेवटी तिथे ‘महाराष्ट्र’बद्दल विचारणा होते. मूळ सर्व्हरांना ‘ए’पासून ‘एम’पर्यंत 13 नावे आहेत आणि त्यांच्या प्रती जगभर ठेवलेल्या आहेत. एकदा मिळालेले उत्तर ठरावीक काळ जवळच साठवून ठेवले जाते, आणि त्यामुळेच सर्व्हर बदलल्यावर नवी वेबसाइट कोणाला लगेच दिसते तर कोणाला दुसऱ्या दिवशी.

आमच्या भागातील एका कुटुंबाने समुद्रालगतच्या आपल्या घरगुती निवासासाठी वेबसाइट करून घेतली होती. काम करून देणाऱ्याने डोमेन स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या ईमेलवर नोंदवले होते. कुटुंबाने त्याला दरवर्षी पैसे दिले, पावत्याही ठेवल्या. पुढे त्याने व्यवसाय बदलला, नूतनीकरणाच्या सूचना त्याच्या न वापरल्या जाणाऱ्या ईमेलवर जात राहिल्या आणि नाव सुटले. मुदत संपल्यावर काही काळ नाव परत घेण्याची संधी असते, त्यानंतरच्या टप्प्यात जास्त शुल्क भरून ते सोडवता येते, पण तोही काळ गेला की नाव कोणालाही घेण्यास मोकळे होते. त्या घरच्या आईंनी पाहुण्यांना वाटलेल्या सगळ्या कार्डांवर तेच नाव छापलेले होते. जमिनीच्या सातबाऱ्यावर आपले नाव आहे की नाही हे आपण दहा वेळा तपासतो, तीच दक्षता डोमेनच्या बाबतीत घेतली गेली पाहिजे. रजिस्ट्रारकडील खाते तुमच्या स्वतःच्या ईमेलने उघडलेले असावे, नोंदणीदार म्हणून तुमचे किंवा तुमच्या संस्थेचे नाव असावे, आणि नूतनीकरणाची तारीख घरातील दोघांना तरी ठाऊक असावी. वेबसाइट करणाऱ्याला तात्पुरता प्रवेश द्यावा, मालकी देऊ नये. डोमेन आज दुसऱ्याच्या नावावर असेल, तर संबंध चांगले आहेत तोवरच त्याच्याकडून हस्तांतरणाचा संकेतांक मागून घ्यावा. हा संकेतांक मिळाला की नाव दुसऱ्या रजिस्ट्रारकडे स्वतःच्या खात्यात हलवता येते.

ब्राउझर हा तुमच्या मोबाइलमधला कार्यक्रम. त्यात तुम्ही पत्ता लिहिता, म्हणजे यूआरएल. त्यात कोणत्या नियमाने जायचे, कोणत्या डोमेनवर जायचे आणि तिथले कोणते पान हवे, हे सर्व सांगितलेले असते. ब्राउझर सर्व्हरकडे मागणी करतो, सर्व्हर उत्तर देतो, आणि या देवाणघेवाणीच्या नियमांना एचटीटीपी म्हणतात. उत्तरात येणारे पान एचटीएमएल या खुणांच्या भाषेत लिहिलेले असते. कोणता मजकूर शीर्षक आहे, कोणता परिच्छेद आहे, कोणत्या शब्दांवर बोट ठेवल्यावर दुसरे पान उघडायचे, हे त्या खुणा सांगतात. प्रत्येक उत्तरासोबत एक क्रमांकही येतो. 404 दिसले तर सर्व्हर चालू आहे, फक्त तुम्ही मागितलेले पान तिथे नाही. 500 किंवा 503 दिसले तर दोष सर्व्हरच्या बाजूला आहे, आणि दहावीच्या निकालासारख्या दिवशी लाखो लोक एकाच वेळी आले की असे होते. हे क्रमांक वाचायला शिकलेल्या माणसाचा पुष्कळ मनस्ताप वाचतो.

एचटीटीपीएसमधला शेवटचा ‘एस’ सुरक्षिततेचा. मागणी आणि उत्तर दोन्ही कूटबद्ध होऊन जातात, त्यामुळे एसटी स्थानकावरच्या सार्वजनिक वाय-फायवर शेजारी बसलेला माणूस तुमचा पासवर्ड वाचू शकत नाही. पण समोरचा विक्रेता प्रामाणिक आहे, असे हे अक्षर सांगत नाही. फसवणूक करणाऱ्यालाही या ‘एस’साठी लागणारे प्रमाणपत्र काही मिनिटांत आणि विनामूल्य मिळते. पत्त्याशेजारी दिसणाऱ्या कुलपाच्या चिन्हाचा लोक नेमका हाच चुकीचा अर्थ घेत होते, म्हणून क्रोम या ब्राउझरने 2023 मध्ये ते चिन्ह बदलले. आंब्याची आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी डोमेनचे नाव अक्षर न् अक्षर वाचणे हाच खरा उपाय आहे.

सर्च इंजिन हा ब्राउझर नव्हे. सर्च इंजिन ही वेबवरची पाने आधीच वाचून त्यांची सूची करून ठेवणारी एक वेबसाइट आहे. नाव पूर्ण माहीत असतानाही ते शोधचौकटीत लिहून पहिल्या दुव्यावर बोट ठेवण्याची सवय धोक्याची आहे, कारण पहिले काही दुवे पैसे देऊन लावलेल्या जाहिराती असू शकतात. मुंबई-पुण्याहून येणाऱ्या पर्यटकांकडून खोल्यांच्या नावाखाली पैसे उकळणारे याच सवयीवर जगतात. आपल्या नेहमीच्या पाहुण्यांना पूर्ण पत्ता लिहून पाठवावा, शोधून काढायला सांगू नये.

वेगाबद्दल थोडक्यात. कंपनी 100 एमबीपीएस म्हणते तेव्हा ती सेकंदाला 100 मेगाबिट म्हणते. आठ बिटांचा एक बाइट होतो, म्हणून सर्व काही आदर्श असले तरी सेकंदाला साडेबारा मेगाबाइट उतरतील. शिवाय वेग एक आणि विलंब दुसरा. पॅकेट जाऊन उत्तर परत येण्यास लागणारा वेळ जास्त असेल तर मोठ्या वेगाच्या जोडणीवरही व्हिडिओ कॉल अडखळतो. वेबसाइटवर कॅमेऱ्यातून निघालेले मोठमोठे फोटो तसेच्या तसे चढवले की कमी रेंजच्या ठिकाणी उभ्या असलेल्या पर्यटकाला पान उघडेपर्यंत कंटाळा येतो. ते फोटो आधी लहान करून घ्यावेत.

कॅश म्हणजे एकदा उतरवलेल्या गोष्टी पुन्हा लागतील म्हणून जवळ ठेवलेली प्रत. कुकी म्हणजे वेबसाइटने तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद, जिच्यामुळे ती तुम्हाला पुढच्या भेटीत ओळखते. 1994 मध्ये लू मॉन्टुली यांनी ही कल्पना अमलात आणली. क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या डेटा सेंटरमधील संगणक. त्यात ठेवलेल्या ग्राहकांच्या यादीची एक प्रत स्वतःच्या संगणकावरही ठेवावी, कारण खाते बंद झाले तर यादीही जाते.

मराठी मजकुराबद्दल मला विशेष आस्था आहे. पूर्वी मराठी टंकलेखन विशिष्ट फॉन्टवर अवलंबून होते. संगणकाच्या लेखी तो मजकूर इंग्रजी अक्षरांचाच असे, फॉन्ट फक्त त्याला देवनागरीचे रूप देई. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर सगळी अक्षरे विस्कटत. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, आणि 1991 मधल्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी त्यात आहे. वेबवर हे क्रमांक बहुतेक ठिकाणी यूटीएफ-8 या पद्धतीने साठवले जातात आणि त्यात देवनागरीच्या एका वर्णाला तीन बाइट लागतात. छापखान्यातून आलेली जुनी माहितीपत्रके बहुतेक वेळा जुन्या फॉन्टमध्ये असतात. ती तशीच वेबसाइटवर चिकटवली तर सर्च इंजिनला त्यातला ‘हापूस’ हा शब्द दिसतच नाही. ती आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावी लागतात.

ऑगस्ट 2014 पासून ‘डॉट भारत’ने संपणारी देवनागरी डोमेनेही मिळतात. डीएनएसला मुळात रोमन अक्षरे, अंक आणि जोडरेषा एवढेच समजत असल्याने अशा नावाचे पडद्यामागे रोमन अक्षरांत रूपांतर होते, आणि काही जुन्या कार्यक्रमांत ते तसेच विचित्र दिसते. तरीही गावाच्या आणि बागेच्या नावाने देवनागरी डोमेन घेणाऱ्यांना मी प्रोत्साहन देतो, फक्त त्यासोबत एक रोमन नावही घ्यावे आणि दोन्ही एकाच वेबसाइटकडे वळवावीत असे सुचवतो. दरपत्रकाचा आणि जेवणाच्या यादीचा फोटो चढवण्याऐवजी तो मजकूर युनिकोडमध्ये टंकून द्यावा. फोटोतली अक्षरे सर्च इंजिन वाचेलच याची खात्री नसते, आणि पडदा वाचून दाखवणाऱ्या कार्यक्रमाच्या मदतीने मोबाइल वापरणाऱ्या दृष्टिहीन पाहुण्याला तर टंकलेला मजकूरच उपयोगी पडतो.